डोरेमॉन बंद करायचा का, आणि आप्पांशी काय बोलायचं

(अमळनेरहून आलेलं पत्र, थोडं लहान करून)

"ताई, नमस्कार. माझं अमळनेरला किराणा दुकान आहे. मुलगा दुसरीत आहे आणि डोरेमॉनचं त्याला इतकं वेड की जेवायलासुद्धा टीव्हीसमोरच बसतो. मी कधी अडवलं नाही, मला वाटायचं बाकी कोणताही चॅनल लावा तर नुसतं राजकारण आणि आरडाओरडा, निदान कार्टून तरी त्यातून सुटलंय. गेल्या महिन्यात त्याने मोबाईलवर हत्तीचा एक भाग बघितला. त्यात डोरेमॉन आणि नोबिता जुन्या काळात जातात आणि मिलिटरीच्या साहेबाला हसत हसत सांगतात की लढाईचं टेन्शन घेऊ नका, ती संपणार आहे, जपान हरणार आहे. रात्री जेवताना पोराने माझ्या मोठ्या भावाला विचारलं, आप्पा, लढाई हरली तरी चालते का? आप्पा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, कारगिलच्या वेळी वर होते. ते काही न बोलता ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोरांच्या डोक्यात हे भरायचे धंदे चालू आहेत, बंद कर ते. त्यावरून फॅमिली ग्रुपवर वाद झाला, शालकाने दहा फॉरवर्ड टाकले, बायको म्हणते कार्टून आहे हो ते, कार्टूनसारखं बघा. आप्पा पंधरा दिवसांपासून घरी आले नाहीत. मला एवढंच सांगा, इतकी वर्षं चाललेलं लहान मुलांचं कार्टून, त्यात राजकारण असतं का? नसेल तर आप्पांना तसं सांगतो. असेल तर बंद करून छोटा भीम लावून देतो, तो तरी आपला आहे."

भाऊ, असतं.

आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही आप्पांकडे जाऊन "त्यात तसलं काही नाही" असं म्हणालात तर ते खोटं ठरेल आणि आप्पांना ते लगेच कळेल. त्यांनी तो भाग बरोबर ओळखलाय. तो युद्धाच्या विरोधातलाच आहे आणि चुकून नाही, मुद्दाम तसा लिहिलाय. फक्त तुम्ही ज्याला राजकारण म्हणताय, म्हणजे याला मत द्या त्याला पाडा, आमचा झेंडा घ्या, तसलं त्यात काही नाही, आणि या दोन गोष्टींत किती फरक आहे तेच मला तुम्हाला सांगायचंय. पत्र लांबणार आहे, दुकान वाढवल्यावर निवांत वाचा.

तुमच्या पोराने मोबाईलवर बहुतेक मधला तुकडा बघितला असावा, किंवा पूर्ण बघितला तरी त्याच्या डोक्यात ते एकच वाक्य राहिलं. म्हणून पूर्ण गोष्ट सांगते. ही गोष्ट १९७३ सालची आहे, आधी कॉमिकमध्ये आली आणि मग टीव्हीसाठी वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा केली गेली. नोबिता हा दहा वर्षांचा शाळकरी पोरगा आणि डोरेमॉन म्हणजे त्याच्या घरी राहणारं, भविष्यातून आलेलं निळं यंत्रमांजर, एवढं माहीत असलं की पुरे. नोबिताचा एक काका परदेशातून घरी येतो. कुठून येतो? भारतातून. तो आपल्या लहानपणचं सांगतो, की प्राणीसंग्रहालयात हनाओ नावाचा हत्ती होता, त्याच्यावर माझा फार जीव, मग युद्धात शहरातली पोरं खेड्यांमध्ये पाठवली तसं मलाही पाठवलं आणि परत येऊन बघतो तर हत्ती नाही. मारून टाकलेला. बॉम्ब पडून पिंजरे फुटले आणि जनावरं शहरात सुटली तर काय घ्या, म्हणून. हे ऐकून नोबिता आणि डोरेमॉन इतके चिडतात की टाईम मशीन काढून थेट त्या काळात जातात. तिथे हत्तीपुढे विष घातलेले बटाटे ठेवलेत, तो हुशार, तोंड लावत नाही. त्याला सांभाळणाऱ्या माणसाचा हात उचलत नाही आणि लष्करातला साहेब तिथे उभा राहून ओरडतोय की अजून मारला कसा नाही. तेव्हा ही दोघं त्या साहेबाला सांगतात की अहो काळजी करू नका, लढाई लवकरच संपतेय, जपान हरतोय.

ती हसतात ती सैनिकाला नाही हसत, भाऊ. त्यांना वाटतं आपण चांगली बातमी आणलीय. लढाई संपणार म्हणजे हत्तीला मारायचं कारणच संपलं, इतका साधा हिशोब दहा वर्षांच्या पोराचा. आणि तो साहेब काय म्हणतो, तुम्ही शत्रूचे हेर आहात! पुढे विमानं येतात, गोंधळ होतो, आणि डोरेमॉन हत्तीला टॉर्चने छोटा करून रॉकेटमध्ये घालून पाठवून देतो, तोही भारतातच. शेवटी काका सांगतो की भारतात मी रानात वाट चुकलो, मरायला टेकलो होतो, तर एक हत्ती आला आणि मला पाठीवर घेऊन गेला, हुबेहूब हनाओ, पण स्वप्नच असेल ते. मी हा भाग नातवाबरोबर बघितला तेव्हा या जागी मला हुंदका आला, आणि नातू माझ्याकडे बघत बसला, की आजी कार्टून बघून काय रडतेय.

आता यातलं खरं किती. टोकियोत उएनो नावाचं मोठं प्राणीसंग्रहालय आहे, तिथे १९४३ मध्ये वरून हुकूम आला म्हणून वाघ, सिंह, अस्वलं मारली गेली. तीन हत्ती होते, जॉन, टोंकी आणि वानरी. विषाचे बटाटे त्यांनी खरंच खाल्ले नाहीत. मग त्यांचं अन्नपाणी तोडलं, आणि ते उपाशी मेले, हळूहळू, दिवसेंदिवस. ४ सप्टेंबर १९४३ ला मारलेल्या जनावरांसाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला, त्या दिवशी त्यातले दोन हत्ती अजून जिवंत होते. आणि टोकियोवर मोठे बॉम्बहल्ले सुरू व्हायला तेव्हा वर्षभराच्या वर अवकाश होता. म्हणजे ज्या भीतीने मारलं ती वेळ आलीच नव्हती, लोकांना युद्ध किती गंभीर आहे हे दाखवायचं होतं, असं बरेच अभ्यासक म्हणतात.

ज्याने डोरेमॉन काढला त्याचं खरं नाव हिरोशी फुजिमोतो, फुजिको एफ फुजिओ हे टोपणनाव. जन्म १९३३ चा. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा अकरा वर्षांचा होता, तुमच्या पोराहून थोडा मोठा आणि जवळजवळ नोबिताएवढा. त्याचं गाव ताकाओका. तिथून जवळच तोयामा नावाचं शहर, ते १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जवळजवळ पूर्ण जळालं, आणि पंधरा दिवसांत युद्ध संपलं. या वयात हे सगळं ज्याच्या आजूबाजूला झालं तो माणूस पुढे मोठा होऊन पोरांसाठी गोष्टी लिहायला बसला तर त्यात हे येणार नाही का? मला तर वाटतं ते आलं नसतं तर तो पोरांशी खोटं बोलला असता.

याला मी मत म्हणते. लेखकाचं मत, स्वतःच्या जिवावरून आलेलं. आणि प्रचार वेगळा. प्रचार कसा असतो तेही कार्टूनमध्येच सापडतं. डोनाल्ड डक आपल्या सगळ्यांना माहितीय. १९४२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने डिस्नेकडून एक फिल्म करून घेतली, त्यात डोनाल्डला रेडिओवरून पटवतात की बाबा इन्कम टॅक्स वेळेवर भर, त्या पैशातून देशासाठी विमानं आणि तोफा येणारेत. तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला तर हे लगेच समजेल, सरकारला टॅक्स हवा होता म्हणून बदक बोलायला लागलं. आणि जपानने तर १९४५ मध्ये मोमोतारो, म्हणजे पीच फळातून जन्मलेला त्यांच्या लोककथेतला मुलगा, आपल्याकडच्या चिऊकाऊसारखा घराघरातला, त्याला नौदलाचा सेनापती करून अख्खा सिनेमा काढला, पैसे नौदल खात्याचे. जपानचा तो पहिला मोठ्या लांबीचा कार्टून सिनेमा. त्या काळात पोरांच्या हातात मोमोतारो दिला गेला, आणि त्याच काळात वाढलेल्या एका पोराने मोठेपणी हत्तीची गोष्ट लिहिली. मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात.

म्हणून कार्टूनमध्ये विचार आहे का हे विचारण्यापेक्षा तो कोणी घातला आणि कशासाठी घातला हे विचारा. सरकारने घातला म्हणजे वाईटच असंही नाही हां. एक चिडिया अनेक चिडिया तुम्ही दूरदर्शनवर बघितलंय की नाही? ते १९७४ चं, फिल्म्स डिव्हिजनचं, विजया मुळे यांनी केलेलं, त्यात तर एकीचा धडा उघडउघड आहे आणि सरकारी पैशातलाच आहे, आणि आम्ही शाळेत ते गाणं म्हणून घेतलं तेव्हा एकाही पालकाने तक्रार केली नाही. मलाही ते आवडतं. आपल्याला पटणारा विचार असला की तो आपल्याला विचार वाटतच नाही, तो नुसता चांगुलपणा वाटतो. न पटणारा असला की राजकारण.

डोरेमॉनमध्ये हत्तीचा एकच भाग असा आहे असंही समजू नका. एका गोष्टीत नोबिताला असं एक बटन मिळतं की जो नको त्याचं नाव घ्यायचं आणि दाबायचं, तो माणूस जगातून नाहीसा, आणि नुसता नाहीसा नाही, तो होता हेही कुणाला आठवत नाही. आधी त्याला मारणारा दांडगट जियान गेला, मग दुसरा, मग रागाच्या भरात सगळेच गेले, आणि हा एकटा. अख्खं जग माझं म्हणून दोन घटका मजा वाटते आणि रात्री रडायला लागतो. मग डोरेमॉन येऊन सांगतो की हे यंत्र मुळात हुकूमशहांना अद्दल घडवायला बनवलेलं होतं. नाव ठेवलंय हुकूमशाहीचं बटन, लपवालपवी काहीच नाही. १९८५ च्या एका सिनेमात लहानशा ग्रहावर एक सेनापती सत्ता बळकावतो आणि तिथला राष्ट्राध्यक्ष, तोही दहा वर्षांचा पोरगा, पळून पृथ्वीवर येतो. १९९२ च्या सिनेमात ढगांवर राहणारे लोक म्हणतात की खाली माणसांनी झाडं आणि जनावरं संपवली, आता पूर आणून पृथ्वीच धुवून काढू. हे सगळं उघड आहे, आणि हे बघत बघत दोन पिढ्या मोठ्या झाल्या.

देशांनीही त्याचा वापर केलाच. २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने डोरेमॉनला अ‍ॅनिमेचा राजदूत नेमलं. २०१४ मध्ये चीनच्या चेंगदू शहरात त्याचं प्रदर्शन लागलं तर तिथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की या निळ्या मांजरापासून जपून राहा. बिचारं मांजर तेच होतं, भांडणं माणसांची.

पण मला तुम्हाला बांगलादेशचं सांगायचंय, कारण ते आपल्या खान्देशात जास्त लागू पडतं. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने डोरेमॉन बंद केला. कारण काय, तर तो हिंदीत येत होता आणि बांगलादेशातली पोरं घरात हिंदी बोलायला लागली होती. पाकिस्तानातही २०१६ मध्ये त्यांच्या पंजाबच्या विधानसभेत हिंदी डोरेमॉन बंद करा म्हणून ठराव मांडला गेला होता. मी बंदीच्या बाजूची नाही. पण त्या आईबापांना जे दिसलं ते मला माझ्याच घरात दिसलंय. माझा नातू जळगावला असतो. आमच्याकडे डोरेमॉन २००५ पासून हिंदीतच येतो, आणि हा पोरगा खेळताना, भांडताना, झोपेतसुद्धा हिंदीत. माझी आई तेव्हा होती, नव्वदीला टेकलेली, सगळा जन्म अहिराणीत गेलेला. पणतू तिच्या मांडीवर बसून बडबड बडबड करायचा आणि ती माझ्याकडे बघून विचारायची, "हाऊ काय बोली ऱ्हायना वं?" त्याचे शब्द तिला कळत नव्हते असं नाही, हिंदी सिनेमे तिनेही बघितले होते, पण तिला उत्तर देता येत नव्हतं. ती नुसती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. मला त्या गोष्टीचा जो त्रास झाला तो आजही होतो, आणि तेव्हा माझ्या घरात एकानेही टीव्ही बंद करायची भाषा केली नाही, कारण त्यात राजकारण आहे असं कुणाला वाटलंच नाही.

तुमच्या फॅमिली ग्रुपवर हत्तीवरून दहा फॉरवर्ड आले, पण पोरगा आजीशी कोणत्या भाषेत बोलतो यावर एक तरी आला का?

तसंच दुसरं. मुलींचं. नोबिताची मैत्रीण शिझुका अभ्यासात हुशार, व्हायोलिन वाजवते, पण गोष्टीत ती शेवटी नोबिताला मिळणारं बक्षीस आहे, मोठेपणी तिच्याशी लग्न होणार हीच त्याची सगळ्यात मोठी आशा. नोबिताची आई कायम घरात, हातात झाडू नाहीतर पिशवी, आणि ओरडत असलेली. हे कुणी ठरवून घातलेलं नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या जपानी घरात तसंच होतं म्हणून तसं आलं, पण पोरं ते रोज बघतात आणि रोजचं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझं विचाराल तर हत्तीच्या भागापेक्षा मी या गोष्टीवर पोराशी जास्त वेळा बोलेन. तुमच्या घरात मुलगी असती तर आणखी जास्त.

आणि छोटा भीम. खुशाल लावा, मला तो आवडतो, २००८ पासून आपल्या पोरांना त्याने आपलं वाटावं असं काहीतरी दिलं. पण तो विचारांपासून मोकळा आहे असं समजून लावू नका. ढोलकपूरमध्ये राजा आहे, राजा नेहमी चांगला, संकट नेहमी बाहेरून येतं, आणि ते एक ताकदवान पोरगा निस्तरतो. गावाने मिळून काही ठरवलं, राजाला कुणी चार प्रश्न विचारले, असं किती वेळा होतं ते तुम्हीच बघा. हासुद्धा एक विचार आहे. तो आपला आहे म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

तुम्ही अमळनेरचे आहात म्हणून आणखी एक सांगायला धीर होतोय. तुमच्याच गावातल्या शाळेत साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, पोरांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढायचे, आणि नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आपण ते पुस्तक पोरांना का देतो, आईच्या मायेसाठी. पण त्यात एक म्हातारी आहे, अस्पृश्य मानलेली, तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडलीय आणि आजूबाजूचा एकही माणूस हात लावत नाही, आणि श्यामची आई श्यामला सांगते की जा, उचलून दे. १९३३ मध्ये हे लिहिणं म्हणजे काय होतं याचा विचार करा. त्याच माणसाने पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण केलं. मग काय, श्यामची आई राजकारण म्हणून कपाटात ठेवून द्यायचं? आपण नाही ठेवत. आपण पोराला जवळ घेऊन ते प्रकरण वाचतो आणि तो विचारतो की लोक का नव्हते उचलत, तेव्हा गप्प न बसता सांगतो. निदान सांगायला पाहिजे.

आता आप्पा. खरं तर तुमचं पत्र डोरेमॉनबद्दल कमी आणि आप्पांबद्दल जास्त आहे असं मला वाचताना वाटत राहिलं.

पोराने विचारलं, लढाई हरली तरी चालते का. आप्पा उठून गेले. का गेले हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, आणि तुम्ही पंधरा दिवसांत ते विचारलेलं नाही. तुम्ही ग्रुपवर वाद घातला. जो माणूस कारगिलच्या वेळी वर होता त्याच्यासाठी हरणं म्हणजे टीव्हीवरचा शब्द नाही, तिथून कोण खाली आलं आणि कोण नाही आलं याची त्याच्याकडे यादी असते, आणि ती यादी तो जेवणाच्या ताटावर वाचून दाखवत नाही. त्यांना राग कार्टूनचा आलाय असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पोराला तुम्ही सांगायलाच हवी, आप्पांच्या आधी. त्या युद्धात जपान हरला, तो हरला ते बरं झालं, आणि त्याला हरवणाऱ्यांत आपली माणसं होती. जपान तेव्हा दुसऱ्यांच्या देशांमध्ये घुसत चालला होता, ब्रह्मदेश घेऊन १९४४ मध्ये थेट मणिपूर-नागालँडपर्यंत आला. इंफाळ आणि कोहिमाला त्याला अडवलं ते हिंदी सैन्यातल्या जवानांनी आणि त्यांच्याबरोबरच्या ब्रिटिशांनी, मार्चमध्ये सांगशाकच्या लढाईत तर मराठा लाईट इन्फंट्रीची पलटण होती. आणि दुसऱ्या बाजूला, जपानच्या बरोबर, नेताजींची आझाद हिंद सेना होती, म्हणजे आपलीच माणसं दोन्हीकडून, तेही सांगा, दुसरीतल्या पोराला पूर्ण नाही कळणार पण अर्धं कळेल आणि उरलेलं अर्धं तो पुढे कधीतरी विचारेल. नोबिता ज्या लढाईबद्दल बोलतो ती ही. दुसऱ्याच्या घरात घुसलेल्याने हरणं आणि आपल्या डोंगरावर चढून बसलेल्याला खाली उतरवणं, या एकच गोष्टी नाहीत, आणि हा फरक आप्पांपेक्षा चांगला कोण सांगू शकेल? मी तर नाही. डोरेमॉन पण नाही.

शेवटी त्या हत्तींचं पुढे काय झालं तेही त्याला सांगा, ते त्याला आवडेल. युद्ध संपल्यावर टोकियोच्या पोरांना हत्ती हवा होता, तिथे एकही उरला नव्हता. त्यांनी पंडित नेहरूंना पत्रं पाठवली, शेकड्यांनी. नेहरूंनी १९४९ मध्ये हत्तीण पाठवली, म्हैसूरकडची, आपल्या मुलीचं नाव तिला दिलेलं, इंदिरा. सोबत पोरांना पत्र लिहिलं की हत्ती शहाणा असतो, सोशिक असतो, ताकदवान असून सौम्य असतो, आपणही तसे होऊ या. उएनोच्या त्याच प्राणीसंग्रहालयात ती गेली. आणि १९७३ मध्ये फुजिमोतोने हनाओला रॉकेटमध्ये घालून पाठवला तो उलट्या दिशेने, तिकडून इकडे. त्याने ते इंदिराला आठवून केलं का हे मी सांगणार नाही, पण मला ती दोन्ही चित्रं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

काय करायचं ते विचारलंत म्हणून सांगते. डोरेमॉन बंद करू नका, पण जेवताना नको, आणि रोज एक भाग तुमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसून बघा, तुम्हाला दुकानामुळे जमत नसेल तर वहिनी, नाहीतर आजी. बघून झालं की पोराला म्हणा, आता आजीले अहिराणीमा सांग, काय व्हयनं ते. आधी लाजेल, दोन-चार दिवसांत सांगायला लागेल, शब्द अडला की आजी देईल. माझ्या आईच्या बाबतीत मला हे उशिरा सुचलं.

शालकाच्या फॉरवर्डांना उत्तर देऊ नका, आणि हे पत्रही ग्रुपवर टाकू नका, कृपा करून. आप्पांना फोन पण करू नका. सकाळी ते शेतात कपाशीला पाणी द्यायला जात असतील तेव्हा पोराला घेऊन जा, डब्यात भाकरी आणि ठेचा न्या. कार्टून चांगलं की वाईट हे तिथे काढायचं नाही. फक्त एवढं म्हणा की पोराने विचारलं त्याला मला उत्तर देता आलं नाही आप्पा, तुम्ही द्याल का. त्यांनी दिलं तर ऐका. नाही दिलं तर बांधावर बसा थोडा वेळ, पोराला पाटात खेळू द्या, आणि परत या. परत दुसऱ्या आठवड्यात जा.

आणि ज्या दिवशी आप्पा स्वतःहून घरी येतील त्या दिवशी हत्तीचा भाग त्यांच्यासमोर लावा, पण सुरुवातीपासून, तुकडा नाही. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा म्हणजे सगळ्यांना दिसेल. पोराला आधीच सांगून ठेवा, हत्ती भारतात पोचेपर्यंत मध्ये बोलायचं नाही.